सुनेचं प्रथिन

सासरा असल्याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो हे कुणाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवावं. पाटबंधारे खात्यात मी हेडक्लार्क होतो. रहिवासाचा, उत्पन्नाचा, हयातीचा, झालंच तर वीज पडून बैल मेल्याचा, असे सगळे दाखले माझ्या हाताखालून गेलेले आहेत. पण कुरिअरच्या ऑफिसातल्या त्या माणसानं काउंटरवर कोपर टेकून, "तुमी ह्या बाईंचं सासरं, ह्याला पुरावा काय?" असं विचारलं, तेव्हा मी नुसतं लायसन्स पुढं केलं.

बाई म्हणजे आमची सून, प्राची. नवरा नोकरीसाठी हुबळीला, ही आमच्याजवळ राहून इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते. तिची नोंदणी लग्नाआधीची, त्यामुळे खोक्यावर नाव प्राची उपाध्ये आणि माझ्या लायसन्सवर तात्यासो मगदूम. पार्सल खरं म्हणजे तिच्या विभागात जायचं होतं. विभाग गौरी-गणपतीच्या सुट्टीत बंद. तिथल्या वॉचमननं कुरिअरवाल्याला आमच्या घरचा फोन देऊन हात झटकले. आणि प्राची स्वतः सुट्टीचा फायदा घेऊन कुठलंसं यंत्र चालवायला शिकण्यासाठी पुण्याला गेलेली.

जाताना ती म्हणाली होती, "बाबा, माझं पार्सल सुट्टी संपल्यावरच येईल. चुकून आधी आलंच तर आपल्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवा. बाकी काही करू नका." पार्सलमध्ये काय आहे तेही सांगितलं होतं. रिकॉम्बिनंट ह्यूमन केमोकाइन. म्हणजे माणसाच्या शरीरात असतं तसलं एक प्रथिन, पण माणसातून काढलेलं नव्हे, प्रयोगशाळेत बनवलेलं. पुढंही तिनं बरंच समजावलं आणि मी मान डोलावत राहिलो. साहेब बोलत असताना मान कशी डोलवायची हे मला नोकरीनं शिकवलं आहे. समजलं मात्र एवढंच, की शेवटचा प्रयोग ह्या बाटलीवर अडलाय, दिवाळीत तिची नोंदणीची मुदत संपते, आणि ही बाटली खराब झाली तर परदेशातून दुसरी यायला शिमगा उजाडेल. म्हणजे इतक्या वर्षांच्या कष्टावर पाणी.

म्हणून मी कुरिअरवाल्यापुढं नमतं घेतलं. एरवी घेतलं नसतं. घरी गेलो आणि लग्नाचा अल्बम काखोटीला मारून परत आलो.

त्या गृहस्थानं तो अल्बम पहिल्या पानापासून बघितला. हळदीचे फोटो बघितले. जेवणाच्या पंगतीपाशी थांबून, "आचारी जयसिंगपूरचं न्हवं का हे?" असं विचारलं आणि आतल्या माणसालाही बोलावून दाखवलं. मी खोक्याकडं बघत होतो. खोक्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, की माल हाती पडताच उणे वीस अंशांवर ठेवावा. शेवटी मी फेटा बांधून उभा असलेला फोटो सापडला. "डोळं मिटल्यात, पण हाय तुमीच," असा निकाल देऊन त्यानं खोकं माझ्याकडं सरकवलं.

खोकं टीव्हीएवढं. रिक्षा केली. दारात उतरतो न उतरतो तोच शेजारचे हंबीरराव हजर. हंबीरराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत, पण अजून स्टँडवरच उभे असल्यागत बोलतात. "काय आणलासा तात्या? मिक्सर?" त्यांच्या आवाजानं आणखी चार दारं उघडली. मी कुणालाही आमंत्रण दिलं नव्हतं, तरी बघता बघता आमच्या सोप्यात माणसं जमली.

खोकं फ्रिजमध्ये मावणं शक्यच नव्हतं, म्हणून उघडलं. आत थर्माकोलचा डबा. त्यात तळाशी कोरड्या बर्फाचा चुरा, शेवटची धुगधुगी असलेला. त्यात पुठ्ठ्याची डबी. डबीत बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली, झाकण घट्ट. मी ती उजेडाकडं धरली. आत काही नव्हतं. उलटी केली, टिचकी मारली, चष्मा काढून बघितली, चष्मा घालून बघितली.

"तात्या, फसवलं की तुमास्नी," हंबीरराव म्हणाले. "रिकामी हाय. गिराईक कोर्टात जावा. माझ्या साडूनं पंख्यापायी केस घातलीया, अजून चालू हाय."

"सील आहे ना पण," मी म्हणालो.

"सील रिकाम्यालाबी लावत्यात की."

एवढ्यात आमची मंडळी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, आली. दशलक्षण पर्व चालू होतं. हे आमचे दहा दिवस, रोज एका धर्माचा एक दिवस, आणि त्या दिवशी होता उत्तम संयम. राजमतीचं रोज एकाशन चाललेलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. पोटात अन्न नसलं की तिचे कान फार तिखट होतात. तिनं सोप्यातली गर्दी बघितली, माझ्या हातातली बाटली बघितली आणि विचारलं, "हे काय? आन् फ्रिज का उघडा?"

इथं मी चूक केली. 'सुनेचं औषध आहे' एवढं म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण चार माणसांत आपल्याला इंग्रजी येतं हे दाखवायची खोड वाईट. मी डबीवरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि त्याचं मराठीही करून सांगितलं.

"माणसाचं?" राजमती म्हणाली.

"माणसाचं म्हणजे माणसातून काढलेलं नव्हे गं. जिवाणूंच्या पोटात बनवतात. लाखो जिवाणू वाढवतात, मग ते फोडतात आणि त्यातून हे गाळून घेतात."

मला वाटलं, आता तिचं समाधान होईल. तिनं पदर खोचला. "म्हंजे लाखो जीव मारून? आन् ते माझ्या फ्रिजात? पर्वात आमी बटाटा घरात येऊ देत न्हाय, आन् तुमी माणूस आणून ठेवलासा व्हय? आदी भाईर न्या ते."

"अगं, प्राचीची पीएच.डी. आहे ह्यात."

"असंल की. माझी पोर हुशारच हाय. तिनं शिकावं, डाक्टर व्हावं. पण पर्व संपंस्तोवर हे माझ्या घरात न्हाय."

उत्तम संयमाचा दिवस असल्यामुळे मी काही बोललो नाही. शिवाय बोलून उपयोग नव्हता.

हंबीरराव म्हणाले, "आमच्यात ठेवा की. फ्रीझर मोठ्ठा हाय." गेलो. हंबीररावांच्या घरचे गौरी-गणपती पोचवून झाले होते. त्यांच्या फ्रीझरमध्ये काय असणार हे कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. जावई यायचे होते आणि त्यांच्या नावानं आख्खा कप्पा भरून ठेवलेला. मी तोंड फिरवून, नाकाला रुमाल लावून, डबी एका बाजूला सारली. त्यांच्या पाटलीणबाईंनी मात्र ती नीट आत ढकलली, अगदी मटणाच्या कुशीत. आमच्या सात पिढ्यांत असला प्रसंग कुणावर आला नसेल. राजमतीला हे कळू द्यायचं नाही असं हंबीररावांकडून वचन घेतलं. त्यांनी ते खणखणीत आवाजात दिलं, त्यामुळे गल्लीला कळलं.

घरी येऊन टेकलो आणि पंखा थांबला.

ज्यांनी त्या सालातलं भारनियमन भोगलं नाही त्यांना मी काय सांगणार. दिवसातून कितीदा वीज जायची याचं वेळापत्रक पेपरात यायचं, आणि वीज त्या वेळापत्रकाकडं ढुंकूनही बघायची नाही. मी तास-दीड तास येरझाऱ्या घातल्या. मग हंबीररावांच्याकडं जाऊन फ्रीझर उघडायला लावला. उघडू नका, गार राहील, असं पाटलीणबाई सांगत होत्या, पण माझा धीर सुटला होता. आत पाणी सुटलेलं. पुठ्ठ्याची डबी भिजून गुलाबी झालेली. ते पाणी कशाचं ह्याचा विचार न करता मी बाटली काढली, धुतली, पुसली आणि खिशात घातली.

प्राचीला फोन करावा असं कुणीही म्हणेल. हंबीररावही म्हणाले. पण काय सांगणार? तुझी बाटली रिकामी आहे, सासूनं हाकलली आहे आणि आत्ताच मटणाच्या पाण्यातून काढली आहे? पोरगी तिकडं यंत्र शिकते आहे. आणि ती जाताना म्हणाली होती, "बाबा आहेत, मला काळजी नाही." हे वाक्य सासऱ्याला फार जड जातं. मी फोन केला नाही.

चौकात बसवेशचं आइस्क्रीमचं दुकान आहे आणि त्याच्याकडं जनरेटर. बसवेश भला माणूस, त्याचे वडील बसलिंगाप्पा माझ्या ओळखीचे. गणपती बघायला निघालेल्यांची दुकानात झुंबड होती. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "ठेवा की काका, त्यात काय," म्हणत त्यानं डीप फ्रीझर उघडला आणि बटरस्कॉचच्या डब्याशेजारी बाटली ठेवली. मी इतका सुखावलो, की एक सीताफळ आइस्क्रीम घेऊन तिथंच बसलो.

ते संपायच्या आत बसवेश परत आला. बाटली त्याच्या हातात. तो शिकलेला आहे आणि बाटलीवरचं लेबल त्यानं वाचलं होतं.

"काका, ह्यूमन म्हंजे माणूस न्हवं का ओ?"

"प्रयोगशाळेत बनवलेलं आहे रे."

"असू दे. पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' लिवलंय मी. उद्या इन्स्पेक्टर आला आन् त्यानं आइस्क्रीमच्या डब्यात माणूस बघितला, तर दुकानाला टाळं. आमचे आप्पा मला घरात घ्यायचे न्हाईत."

एका बाटलीला एका दिवसात दोन शाकाहारी घरांतून बाहेर काढलं आणि मांसाहारी घरात वीज नव्हती. मी डोकं धरून बसलो. तेव्हा माझ्या शेजारी मस्तानी पीत बसलेला एक तगडा माणूस म्हणाला, "किती गार पायजे काका?"

तो गुंडू. दूध संघाकडून गावोगाव फिरून म्हशींना कृत्रिम रेतन करणारा. लोक त्याला गुंडू डॉक्टर म्हणतात. दुकानाबाहेर त्याची मोटरसायकल उभी होती आणि मागं बांधलेली होती ॲल्युमिनियमची टाकी, दुधाच्या किटलीसारखी, अरुंद गळ्याची. तिच्यात द्रव नायट्रोजन असतो आणि त्यात बुडवलेल्या बारक्या कांड्या. कशाच्या, हे सभ्य माणसानं सांगू नये, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जातिवंत मुऱ्हा रेड्यांच्या वीर्याच्या.

"उणे वीस पाहिजे," मी म्हणालो.

गुंडू हसला. "वीस व्हय? आमच्या टाकीत उणे एकशे शहाण्णव हाय. तुमचं वीस म्हंजे आमच्यात वैशाख. लाईटचा संबंधच न्हाय. द्या हिकडं."

आता मला सांगा, वीस मागावेत आणि एकशे शहाण्णव मिळावेत, असं सरकारी नोकरीत कधी झालं होतं का? मी भारावून गेलो. गुंडूनं बाटलीच्या गळ्याला दोरा बांधला, टाकीचं बूच काढलं, पांढरी वाफ भसकन वर आली आणि बाटली आत गेली. एका बाजूला रेडे, एका बाजूला माझ्या सुनेची पीएच.डी. "दोन-तीन दिवसांनी येऊन घेऊन जातो," मी म्हणालो, आणि गुंडूचा पत्ता विचारून निश्चिंत मनानं घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी उत्तम तप. सकाळीच प्राचीचा फोन. पुण्यातलं काम लवकर आटपलं होतं, ती दुपारी पोचत होती, आणि सरांनी उद्याच प्रयोगशाळा उघडून द्यायचं कबूल केलं होतं. "बाबा, पार्सल आलंय असं वॉचमन म्हणाला. थंडात आहे ना?"

"एकदम थंडात आहे," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं.

गुंडूच्या घरी गेलो तर तो पहाटेच मुरगूडकडं निघून गेलेला. टाकी घेऊनच. मोबाइल लावला, तर तो कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. हंबीररावांनी स्कूटर काढली. मी मागं बसलो. पर्वातलं तप बहुतेक लोक बस्तीत बसून करतात, मी ते कागलच्या पुढच्या खड्ड्यांतून केलं. हंबीररावांना प्रत्येक गावच्या स्टँडवर थांबून जुन्या ओळखी काढायची सवय आहे. प्रत्येक ठिकाणी ते आमच्या मोहिमेचा हेतू सांगत, ऐकणारा सल्ला देत असे आणि प्रत्येक सल्ल्याचा रस्ता वेगळा असे.

मुरगूडच्या अलीकडच्या एका वाडीत, दूध संस्थेत कळलं, की गुंडू डॉक्टर आत्ताच धोंडुबाईंच्या गोठ्यावर गेलाय. सचिव पुढं म्हणाला, "आज फॉरेनचा माल हाय म्हणं त्याच्या टाकीत. कुणा साहेबानं दिलाय." मी हंबीररावांना ओढतच बाहेर काढलं.

गोठ्यापुढं आठ-दहा माणसं उभी. गुंडूचा डावा हात खांद्यापर्यंत म्हशीत. अशा अवस्थेतल्या माणसाशी काय आणि कसं बोलावं ह्याचं शिक्षण मला कुणी दिलेलं नाही.

"गुंडू, माझी बाटली दे," मी म्हणालो.

"काका, शेपूट धरा जरा. लई आपटतीया."

मी हेडक्लार्क होतो. माझ्या टेबलापुढं कंत्राटदार उभे राहायचे. मी शेपूट धरली.

धोंडुबाई पुढं आल्या. काटक म्हातारी, कमरेला चंची. "पावणं, ते फॉरेनचं तुमचंच न्हवं? तेच घालाय लावा माझ्या म्हशीला. साधं नगं. दोनदा उलाटलीया ती, गाभणच ऱ्हाईना."

"मावशी, ते म्हशीचं नाही."

"मग कशाचं?"

"माणसाचं आहे."

म्हैससुद्धा शेपूट ओढायची थांबली. धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावला. मागून एका म्हाताऱ्यानं अतिशय अदबीनं विचारलं, "पावणं, वय काय म्हणायचं तुमचं?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "अहो, तसलं काही नाही! प्रथिन आहे ते! माझं नाही, सुनेचं आहे!"

ह्या खुलाशानं परिस्थिती सुधारेल असं मला का वाटलं, देव जाणे. दोन बायका घाईघाईनं घरात गेल्या. म्हातारा "कलियुग हाय," असं म्हणाला. हंबीररावांना मदतीसाठी हाक मारावी म्हणून वळलो, तर ते कडब्याच्या गंजीला पाठ लावून खाली बसलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, तोंडातून शब्द फुटत नाही. मी एकटा, हातात म्हशीची शेपूट, आणि समोर आख्खी वाडी माझ्या चारित्र्याचा अंदाज घेत होती. एवढा राग मला पेन्शनचे कागद हरवले तेव्हाही आला नव्हता.

गुंडूनं आपलं काम शांतपणे पूर्ण केलं. हात धुतला. मग टाकी उघडून दोरा वर ओढला. बाटली आली. पांढरीफटक, वाफाळत. लेबल गेलेलं. ते आतच कुठंतरी सुटून पडलं होतं.

"दमानं धरा काका. गरम हवेत एकदम आली की फुटतीया कधी कधी. आत नायट्रोजन गेला असंल तर."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"काल तुमी गार किती पायजे ते सांगितलासा. फुटतीया का, ते कुठं इचारलासा?"

धोंडुबाईंनी त्यातल्या त्यात दया येऊन कापूस दिला. कापसात गुंडाळून, डब्यात घालून, तो डबा मांडीवर धरून मी परत निघालो. प्रत्येक खड्ड्याला मी डब्याला कान लावत होतो. हंबीरराव अधूनमधून एकटेच हसत होते आणि स्कूटर हलत होती. कागल येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही, पुढंही बोललो नाही.

घरी प्राची आलेली होती. अजून प्रवासाची बॅगही उचलली नव्हती. राजमतीनं आपल्या बाजूनं तिला सगळं सांगून टाकलेलं, त्यामुळे तिला अर्धं ठाऊक होतं. उरलेलं मी सांगितलं. मटणाचं सांगितलं, आइस्क्रीमचं सांगितलं. ती हसू आवरत ऐकत होती. नायट्रोजनपाशी आलो आणि तिचं हसू गेलं.

"द्रव नायट्रोजन? बाबा, थेट आत बुडवली?"

"वीस लिहिलं होतं. हे तर एकशे शहाण्णव."

ती खुर्चीवर बसली. बाटली उजेडाकडं धरून झाकणाभोवती बारीक नजरेनं बघत राहिली.

"आत काही नाहीच आहे गं," मी म्हणालो. "मला आधीपासून संशय."

"आहे बाबा. ते इतकं कमी असतं, की डोळ्यांना दिसतच नाही. कोरड्या स्वरूपात आहे, काचेला चिकटून." मग म्हणाली, "कोरडं असताना ते बाहेरसुद्धा दोन-तीन आठवडे टिकतं. तुमच्या कपाटात ठेवलं असतं तरी चाललं असतं."

कपाटात! धोतरांच्या घडीत! मी लग्नाचा अल्बम दाखवून आलो, हाताला मटणाचं पाणी लावून घेतलं, परक्या गावात म्हशीची शेपूट धरली, माझ्या वयाची चौकशी झाली, आणि कपाटात चाललं असतं! "मग खोक्यावर लाल अक्षरांत कशाला लिहितात ती गाढवं?" मी ओरडलो. "आणि तू तरी सांगायचंस!"

"मी फ्रिजमध्ये ठेवा म्हणाले होते. आपल्याच घरात फ्रिजला मनाई होईल असं मला वाटलंच नव्हतं." राजमतीनं दुसरीकडं बघितलं. "कपाटाचं राहू दे बाबा. पण झाकणातून नायट्रोजन आत गेला असेल, ओल शिरली असेल, तर ते कामातून गेलेलं असू शकतं. वरून कळत नाही. उद्या प्रयोग केल्यावरच कळेल."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ती उठली, बॅग उचलून आत गेली, आणि आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. राजमतीनं त्या दिवशी एकाशनही केलं नाही. मी का म्हणून विचारलं तर म्हणाली, "तपच हाय आज."

सकाळी नवीन अडचण. प्रयोगाला माणसाचं ताजं रक्त लागतं, त्यातल्या पांढऱ्या पेशी लागतात. नेहमी रक्त देणारी विभागातली मुलं सुट्टीला गावी गेलेली. प्राची फोनवर फोन लावत होती, एक गारगोटीला, दुसरा कुठं तो लागतच नव्हता.

"माझं घे," मी म्हणालो.

"बाबा, तुमचं?"

"का? साठी उलटली म्हणून पांढऱ्या पेशी काळ्या झाल्या का? मला बीपी नाही, साखर नाही, गोळी नाही. माझं घे म्हणतो ना."

तिनं सासूकडं बघितलं. आता पर्वात रक्त काढायचं म्हणजे काय होणार ह्याची मला कल्पना होती. राजमती देव्हाऱ्यापुढून उठून आली. "घे गं," ती म्हणाली. "सवताचंच हाय की त्यांचं. कुणाचा जीव न्हाय गेला त्यात. आन् गेलाच थोडा तर जाऊ दे."

त्या दिवशीचा धर्म उत्तम त्याग होता, हे माझ्या लक्षात रक्त देऊन झाल्यावर आलं. रक्त काढायला बोलावलेल्या माणसानं सुई टोचली, दोन नळ्या भरल्या, आणि मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. विभागात शुकशुकाट. आत प्राची एकटी, पांढरा कोट घालून, पाठमोरी. दार उघडं होतं, तेव्हा मधूनच काय चाललंय ते ती तिथूनच सांगत होती. खरं तर मला नाही, स्वतःलाच सांगत असावी.

"शरीरात कुठं जखम झाली ना बाबा, की तिथून हे प्रथिन सुटतं. ती हाक असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ती ऐकू येते आणि त्या हातातलं सोडून तिकडं धावतात. मी वरच्या खाचेत तुमच्या पेशी घातल्यात. खाली हे प्रथिन. मधे बारीक भोकांचा पडदा. शेजारी तसंच दुसरं, पण त्याच्यात प्रथिन नाही, नुसतं पाणी म्हणा. प्रथिन जिवंत असेल तर पेशी पडदा ओलांडून खाली येतील. मेलं असेल तर दोन्हीकडं सारखंच दिसेल."

मी विचारलं, "आणि सारखंच दिसलं तर?"

तिनं घड्याळ बघितलं.

मी णमोकार म्हणायला लागलो. दहा वेळा म्हणून झाला, पुढं मोजलं नाही. डबा पुन्हा कानाला लावावासा वाटत होता, पण आता डबा नव्हता. गुंडूवर राग आला, बसवेशवर आला, लाल अक्षरं छापणाऱ्या त्या साहेबावर आला. मग कुणावर येईना. मला पोरीच्या तोंडाची भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

बऱ्याच वेळानं ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. वाकली ती वाकलीच. सरळ होईना. मी बाकावरून उठलो, दारात उभा राहिलो. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडते आहे की काय हे मला कळेना.

"प्राची?"

"बाबा, या इकडं. बघा."

डोळा लावला. आधी काहीच दिसलं नाही, माझीच पापणी दिसली. तिनं चाक फिरवलं. "हे नुसत्या पाण्याचं." रंग चढवलेल्या पेशींचे दोन-चार जांभळे ठिपके, इकडंतिकडं विखुरलेले. मग तिनं काच सरकवली. "आणि हे आपल्या बाटलीचं."

ठिपक्यांना ठिपका लागलेला. जागा उरली नव्हती. अंबाबाईच्या देवळाबाहेर नवरात्रात लोटते तशी गर्दी.

"ह्या माझ्या?"

"तुमच्याच सगळ्या. एकजात धावत आल्यात." तिनं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. "जिवंत आहे बाबा. प्रथिन जिवंत आहे. दिवाळीच्या आत होतंय माझं."

मी परत डोळा लावला. बराच वेळ बघितलं. एवढ्या सगळ्या माझ्या, आणि मला आजवर ओळखदेख नाही. मग एक शंका आली.

"ह्या धावल्या त्या जखम भरायला ना? मग इथं जखम कुठाय?"

"जखम नाहीच की. नुसती हाक. कुणाला काही झालेलं नव्हतं." आता ती हसत होती, माझ्याकडंच बघून, आणि हसू तिला आवरत नव्हतं. "काही गरज नसताना धावल्या बिचाऱ्या."

माझं टाळकंच फिरलं.

"मग?" मी म्हणालो. "हाक ऐकून घरात बसून राहायचं होतं का त्यांनी?"